आजीला कोणत्या कुळात मोजायचं

आत्याबाईने मला तिच्या संजूसाठी मागितलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही असं मी म्हणणार नाही. माझाही पडला. मला बाविसावं संपत आलं होतं आणि त्याआधी तीन घरं मला पाहून गेली होती. एक आमगावचं, एक तिरोड्याचं, एक बालाघाटकडचं. तिघांनी पोहे खाल्ले, चहा प्याले, मला चालून दाखवायला लावलं, पेपर वाचायला लावला. निघताना बाहेरच्या छपरीत बसलेला माझा मोठा भाऊ खुमेंद्र त्यांना दिसला. तो एकटाच हसत होता. आठ दिवसांत निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती.

ही २००६ सालची गोष्ट. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती. बाबूजींची एकुलती एक बहीण, सुशिलाबाई, केशोरीकडून दोन बसगाड्या आणि एक पॅसेंजर बदलून आमच्या गावी आली. आमचं गाव सालेकशाजवळ, रुळाला लागून. तिने पाय धुतले, जेवली, सुपारी तोंडात टाकली आणि मग बोलली. संजू तिचा एकुलता एक मुलगा. इटियाडोह धरणाच्या नहराचं पाणी लागणारी पंधरा एकर जमीन, केशोरीला खता-बियाण्यांचं दुकान. त्याला कोणीही मुलगी दिली असती. तरी ती भावाच्या दारात आली होती.

"माह्या भावाचं घर होय," ती म्हणाली. "घरचं झाकाले घरचाच कपडा लागते."

बाबूजी रडले. ग्यानीराम पाटील म्हणून चार गावांत ज्यांना मान, ते बहिणीसमोर पंच्याने डोळे पुसत बसले. मी दाराआडून पाहत होते. संजू मला लहानपणापासून माहीत होता. आमच्यात बहिणीच्या मुलाचा भावाच्या मुलीवर पहिला हक्क, म्हणून आम्ही सात-आठ वर्षांचे असतानाच बाया मला त्याच्या नावाने चिडवत. तो मला आवडत होता. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे केलं ते मला नको असलेलं लग्न मोडायला केलं असं कोणी म्हणू नये.

ती निघताना मी तिला रविताताईचं विचारलं. रविता म्हणजे संजूची मोठी बहीण, रायपूरकडे दिलेली. आत्याबाई म्हणाली, चांगली आहे, तिच्या घरी आहे, आणि लगेच मायला विचारलं की यंदा लोणच्याला मीठ कमी काऊन पडलं.

आता आमच्या लोकांची रीत सांगते. आमचे पूर्वज माळव्यातून आले, तीनशे वर्षं झाली असतील. येताना छत्तीस कुळं घेऊन आले. एका कुळात लग्न नाही. मुलगी पाहायला येतात तेव्हा बापाचं कूळ असं खणतात की विहीर खणावी. कोणी पागल होता का, कोणाला कोड होतं का, कोणाची पोरगी पळाली का. आईकडचं मात्र कोणी विचारत नाही. आणि आजीकडचं तर नाहीच नाही. बाई लग्न करून आली की तिचं जुनं कूळ मागे राहिलं. जणू अंगातलं रक्तही ती वेशीवर ओतून रिकामी होऊन येते. आमची आत्याबाई लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली, म्हणून तिचा मुलगा मला परका. परका, म्हणून नवरा चालतो. हा हिशोब शिकलेली माणसंही करतात. मास्तर करतात.

खुमेंद्र गोंदियाला आयटीआयला होता. २००१ मध्ये दुसऱ्या वर्षाची परीक्षा सोडून घरी आला आणि परत गेलाच नाही. आधी जेवण कमी झालं. मग म्हणू लागला की मालगाडी जाताना त्याचं नाव घेते. एकेक डबा एकेक शब्द बोलतो. आमच्या गावावरून दिवसाला कितीतरी मालगाड्या जातात, त्यामुळे त्याला फुरसत अशी नव्हतीच. तो रुळाकडे तोंड करून गाडीला उत्तरं देई. गुनिया, म्हणजे मांत्रिक, झाले, मिरचीचा धूर झाला, काळा कोंबडा झाला. एकाने पाठीवर तापलेला विळा टेकवला. तो डाग अजून आहे. दवाखान्याचं मी म्हटलं की बाबूजी म्हणत, दवाखान्यात नेलं की कागद होते, आणि कागद झाला की जगाले कळते. जग तर रोज रुळावरून चालत जाताना त्याला पाहत होतं.

२००४ मध्ये मीच त्याला नेलं. नागपूरचे एक डॉक्टर गोंदियाला महिन्यातून दोन रविवार बसतात असं कळलं होतं. माय सोबत आली. डॉक्टरांनी त्याच्याशी अर्धा तास बोलून आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि मायला विचारलं की घरात आधी कोणाला असं काही होतं का. माय म्हणाली, नाही. मला विचारलं. मीही म्हटलं, नाही. मी खोटं बोलत नव्हते. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

गोळ्यांनी फरक पडला. चार महिन्यांत तो गाडीला उत्तर देईनासा झाला. गाडी बोलते, पण दुरून बोलते, असं तो म्हणे. वजन वाढलं, हात थरथरू लागले, चालणं मंद झालं. पण बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, जाऊ लागला, बैलांना पाणी दाखवू लागला. पाहुणे आले की मात्र त्याला हसू येई, आणि ते थांबत नसे.

आत्याबाई येऊन गेली त्यानंतरच्या रविवारी मी त्याला घेऊन गोंदियाला गेले. गोळ्या लिहून झाल्यावर मी सहज सांगितलं की माझं लग्न ठरलं. डॉक्टर म्हणाले, छान. मुलगा कुठचा? मी सांगितलं, आत्याचाच. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलेलं परत काढलं.

त्यांनी एका कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. खुमेंद्रचा चौकोन काळा केला. माझा गोल कोरा. वर बाबूजी आणि माय. बाबूजींच्या शेजारी आत्याबाई, तिच्याखाली संजू. बाबूजी आणि आत्याबाई दोघांच्याही वर एकच गोल. त्या गोलावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, ही कोण?

मी म्हटलं, आजी. गीताबाई. १९९९ मध्ये वारली.

ती कशी होती, असं त्यांनी विचारलं आणि मी अभिमानाने सांगत सुटले. आजीच्या अंगात देवी येत असे. मंगळवारी पाच कोसांवरून लोक नारळ घेऊन येत. ती भिंतीशी बोले, कारण देवी भिंतीतून बोलायची. ती सुनेच्या हातचं खात नसे. त्यात विष आहे असं देवीने तिला सांगितलं होतं. एकदा पौषात दिवसभर तळ्यात गळ्यापर्यंत उभी राहिली. देवी नसली की कोणाला ओळखत नसे, एकदा मायच्या दंडाला चावली होती, म्हणून मग मंगळवार सोडून तिला गोठ्यात खुंट्याला बांधून ठेवत.

हे मी माझ्या तोंडाने बोलत होते आणि माझ्याच कानांनी ऐकत होते. मंगळवारी नारळ, बाकीचे सहा दिवस दावं.

डॉक्टर म्हणाले, मी त्या बाईंना पाहिलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते. पण तू सांगतेस ते सगळं तुझ्या भावाच्या कागदावरही लिहिलेलं आहे.

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. हा आजार कोणी उचलून कोणाला देत नाही, फक्त कल मिळतो. तोही एका कशात नसतो. बारीक बारीक अनेक गोष्टी आई-बापाकडून येतात आणि प्रत्येकीचा थोडा वाटा असतो. शंभरातल्या एकाला हा आजार कुठेही होतो. आई किंवा बाप आजारी असेल तर शंभरातल्या दहाएक मुलांना. सख्खा भाऊ आजारी असेल तरी जवळपास तेवढाच धोका. अगदी सारखे जुळे भाऊ असले आणि एकाला झाला तरी दुसऱ्याला निम्म्या वेळा होतच नाही. म्हणजे रक्त सगळं ठरवत नाही.

बाकीचं कोण ठरवते, मी विचारलं. ते म्हणाले, जन्माच्या वेळचा त्रास, गांजा, ताण, आणि पुष्कळसं आम्हालाही माहीत नाही. मला तो माणूस त्या वाक्यामुळे पटला. आमच्याकडे आजवर जो जो आला त्याला सगळंच माहीत होतं.

"मंग माह्या लेकरांचं?"

"परक्या घरात लग्न केलंस तर बहुतेक काही होणार नाही. या मुलाशी केलंस तर तोच कल दोन्हीकडून येऊ शकतो. धोका वाढतो. किती वाढतो त्याचा आकडा माझ्याकडे नाही, आणि कोणी दिला तर तो खोटा. लग्न करू नको असं मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही."

खुमेंद्र शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता. परतीच्या पॅसेंजरमध्ये त्याने मला शेंगा सोलून दिल्या.

घरी येऊन मी मायला आजीचं विचारलं. माय चुलीपाशी बसून तांदूळ पाखडत होती. ती शांतीबाई, नावाप्रमाणे गरीब गाय आहे असं सगळे समजतात. तिने सूप खाली ठेवलं, पदर वर केला आणि दंडावरचा आजीच्या दातांचा वण दाखवला.

"ती देवी नोहोती व. मले पहिल्या वर्षीच कळलं होतं. पन पागल म्हटलं असतं तर लोकांनी दगडं मारले असते. देवी म्हटलं तर पाया पडत होते. तूच सांग, मी का म्हणाले पाहिजे होतं?"

ज्याला मी आता ढोंग म्हणू लागले होते त्याने एका आजारी बाईला तीस वर्षं जिवंत ठेवलं होतं. पण त्याच ढोंगाने तिला कधी डॉक्टर दिसू दिला नाही. आणि आता तेच ढोंग मला संजूच्या घरी पाठवत होतं. मायचं म्हणणं साधं होतं. जे झालं ते झालं, तू गप्प राह्य. शंभरातल्या नव्वदांना काही होत नाही ना? मग त्या नव्वदांत तू. हे घर सुटलं तर तुले दुसरं कोनी नेनार नाई.

ती खोटं बोलत नव्हती. म्हणून तर राग येत होता.

बाबूजींना मी दोनदा सांगायला गेले. अंगणात आजीच्या नावाचा ओटा आहे, शेंदूर लावलेला. दोन्ही वेळा माझं वाक्य अर्धं व्हायच्या आत ते उठून ओट्यापाशी जाऊन बसले. ओट्यासमोर बसलेल्या माणसाशी आमच्याकडे बोलत नाहीत. मग मी ठरवलं की फलदानाच्या दिवशी बोलायचं, जेव्हा सगळे असतील आणि कोणाला उठून जाता येणार नाही.

फलदान म्हणजे मुलाकडचे साडी, फळं, नारळ घेऊन येतात आणि लग्न पक्कं होतं. ते मार्चात झालं. आत्याबाई, तिचे मालक उदाराम फुफाजी आणि संजू, तिघं जीप करून आले. आमच्याकडून बाबूजींचे चुलतभाऊ भोजराज काका मधे बसले. ते बोलघेवडे, प्रत्येक लग्नात तेच असतात. मला पाटावर बसवलं. आत्याबाई माझ्या ओटीत नारळ घालायला वाकली तेव्हा मी हात धरला आणि म्हटलं, आधी मले बोलाचं आहे.

भोजराज काका हसले. "नवरी आत्ताच बोलून राहिली. लगन झाल्यावर संजूचं का होईन गा?"

सगळे हसले. संजूही हसला. मी थांबले, हसणं संपू दिलं. मग सांगितलं. डॉक्टर, कागद, चौकोन, गोल, आजी. आजीचं नाव घेतलं तशी आत्याबाई ताठ झाली. मी आकडेही सांगितले. भोजराज काका म्हणाले की आमच्या कुळात सात पिढ्यांत कोणी पागल नाही, खुमेंद्रवर कोणीतरी करणी केली आहे, आणि गीताकाकी तर आमच्या कुळाची नव्हतीच, ती दुसऱ्या कुळातून आली होती. मी म्हटलं, काका, तिच्या पोटातून बाबूजी निघाले का नाई? आत्याबाई निघाली का नाई? मग ती कोणत्या कुळात मोजायची? ते म्हणाले, ते येगळं.

तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही शेतकरी ना? बांधीत करगा झाला तर का करता? करगा म्हणजे धानात उगवणारं जंगली धान, लोंब्या निसवेपर्यंत धानासारखंच दिसतं, ओळखू येत नाही. दोन वर्षं करगा दिसला की तुम्ही घरचं बी पेरत नाई, संजूच्या दुकानातून नवं आणता. बांधीत बी बदलता, अन् घरात तेच ते पेरता.

भोजराज काकांना हे लागलं. मला वाटलं, जिंकले.

छपरीच्या खांबाला टेकून खुमेंद्र उभा होता. तो कधी आला मला दिसलं नव्हतं. तो हसत नव्हता.

"मी करगा होय का, दुर्गा?"

त्याच्यासाठी भांडायला उभी राहिले आणि त्यालाच उपटून बांधावर फेकलं होतं मी. कोण्या भोजराज काकाने हे म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. मी म्हटलं, नाही भाऊ, मी चुकीचं बोलली. तो मान हलवून आत आला आणि जमिनीवर बसला. आत्याबाईकडे पाहून, जसं एखादी जुनी घरगुती गोष्ट सांगावी तसं, तो म्हणाला:

"आजीले पन ऐकू येत होतं. मी लहान होतो तवा तिनं मले सांगितलं. म्हणे, ते बोलतीन, तू जवाब देऊ नको. जवाब देल्ला की मंग ते जात नाई. मी ऐकलं नाई तिचं. जवाब देल्ला."

बाबूजींनी डोळे मिटले. ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. खुमेंद्र तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल. आजीला कळलं होतं. खुंट्याला बांधलेल्या बाईने नातवात ते ओळखलं होतं आणि तिच्याकडे जे औषध होतं ते तिने दिलं होतं. ते औषध पाच वर्षं पुरलं असेल, नसेल. कोण सांगणार.

आत्याबाई मोठ्याने बोलायला लागली. माझ्या मायले पागल म्हणता, ज्या ओट्यावर नारळ फोडता त्याच्यावर थुंकता, या पोरीले शिकवून डोक्यावर बसवलं. ती बरंच बोलली. फुफाजी खाली पाहत होते. ती श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात संजू म्हणाला:

"रविताले पन ऐकू येते."

तो कोणाकडेच पाहत नव्हता. पुढचं त्याने भराभर सांगितलं, बियाण्याच्या पोत्यावरची सूचना वाचावी तसं. रविता रायपूरकडे नाही. दीड वर्षापूर्वी सासरच्यांनी आणून सोडली. घरीच आहे. मागच्या खोलीत, धानाच्या कोठीशेजारी. बाहेरून कडी असते. शेजाऱ्यांना सांगितलं आहे की बाळंतपणाला आली अन् गेली. त्याने मला कळवायचं दोनदा मनात आणलं होतं, सालेकशाच्या फोनवर निरोप ठेवायला म्हणून नंबरही फिरवला होता, मग ठेवून दिला.

आता सगळे आत्याबाईकडे पाहत होते. तिने पदर सावरला. तिचा आवाज एकदम साधा झाला, बाजारात भाव सांगते तसा.

"हो. आहे. मंग? मले कोन देनार होतं पोरगी? या ग्यानीरामशिवाय कोन देनार होतं? त्याचा पोरगा असा, माही पोरगी अशी. कोनी कोनाले बोलाचं काम नोहोतं. मी तुले फसवाले नाई आली व दुर्गा. मले वाटलं, आपलं आपल्यात राहीन."

मला वाटत होतं ती आमचा डाग झाकायला आली. ती तिचा झाकायला आली होती. ज्या घराला नाही म्हणता येणार नाही असं घर तिने निवडलं होतं, आणि ते घर भावाचं होतं. त्या क्षणी मला तिची चीड यायला पाहिजे होती. आली. पण ती त्या कोठीशेजारच्या खोलीतून परत रोज बाहेर येऊन, हात धुऊन, शेजारणींशी मिठाचं बोलत असेल, हेही डोळ्यासमोर आलं.

मी पाटावरून उठले. संजूला म्हटलं, आपलं लगन होनार नाई. तो म्हणाला, हो. एवढंच. लहानपणापासून चाललेली गोष्ट दोन वाक्यांत संपली. त्याचे डोळे लाल झाले होते, माझेही झाले असतील. मी आरसा पाहिला नाही.

बाबूजींनी माझ्यावर हात उचलला नाही. ते जवळ आले आणि हळू म्हणाले, "माह्या मायले आज तू मारलं." मग गोठ्याकडे निघून गेले. ते त्यानंतर तीन महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी केलेल्या भाकरी खात होते, पण मागून घेत नव्हते.

आत्याबाईने साडी परत नेली. फळं परत नेत नाहीत, म्हणून केळी राहिली. ती आम्ही दोन दिवस खाल्ली.

पुढच्या वैशाखात संजू एकटा आला. घरात आला नाही, सालेकसा स्टेशनच्या बाकावर बसून निरोप पाठवला. मी गेले. त्याला रविताताईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, पण ती त्याच्यासोबत खोलीबाहेर येत नव्हती. पुरुष पाहिला की कोपऱ्यात जायची. बाई पाहिजे होती आणि आत्याबाईचं ती ऐकत नव्हती. मी मायला सांगून त्याच्यासोबत निघाले. लग्न मोडलेली पोरगी त्याच मुलासोबत पॅसेंजरमध्ये बसली, हे गावाला आठवडाभर पुरलं. पुरू द्या.

रविताताई मला ओळखत नव्हती. केस कापलेले, नखं वाढलेली, अंगावर स्वच्छ लुगडं. लुगडं रोज आत्याबाई बदलत असणार. मी दोन दिवस तिच्या दारात बसून राहिले. आत गेले नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, तुझ्या पायात काटा आहे. नव्हता. मी म्हटलं, काढून दे. तिने माझा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ काटा शोधला. त्यानंतर ती माझ्यासोबत चालू लागली. केशोरीच्या स्टँडवर मात्र ती दोनदा बसमधून उतरली. कंडक्टर शिव्या देत होता. तिसऱ्या बसला आत्याबाई आमच्यामागे घाईघाईने येऊन चढली, शेवटच्या सीटवर बसली, आणि गोंदियापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. बाबूजींशी ती आजही बोलत नाही, राखीला येत नाही. त्याचा दोष दोघंही माझ्यावर ठेवतात, आणि तो माझ्यावरच आहे.

रविताताई खुमेंद्रइतकी सुधारली नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आता कडी नसते, एवढं.

हे मी २०११ मध्ये सांगते आहे. संजूचं लग्न झालं, दूरच्या घरात. त्याने त्यांना आधी सगळं सांगितलं की नाही हे मी विचारलं नाही. माझं झालं नाही. अधूनमधून कोणी पाहायला येतात. मी आता पेपर वाचून दाखवत नाही. पोहे समोर ठेवते आणि आधी भावाचं सांगते, मग आत्याच्या मुलीचं, मग आजीचं. गोळ्यांचं नाव सांगते. शंभरातल्या नव्वदांचंही सांगते, पण तोवर बहुतेकांची नजर दाराजवळच्या जोड्यांकडे गेलेली असते. माय स्वयंपाकघरात भांडी आपटते.

मागच्या महिन्यात गोरेगावकडचे आले होते. चौघं. चहा संपायच्या आत तिघं उठून गाडीकडे गेले. मुलाचा बाप, दुधराम नावाचा म्हातारा, मागे राहिला. त्याने जोडा घालायला वेळ लावला. एक घातला, दुसरा हातात धरला. मला वाटलं आता काही बोल लावेल.

"बाई," तो गाडीकडे पाठ करून म्हणाला, "तो डाक्टर कोनत्या दिवशी बसते?"

मी सांगितलं, महिन्यातला पहिला आणि तिसरा रविवार. सातच्या आत नंबर लावावा लागतो. आणि पेशंट येत नसेल तर मला निरोप द्या, मी येईन.